रुंद पानांचा गांजा : ‘इंडिका’ वळणाच्या वाणाची लक्षणे, लागवड आणि त्याच्या शांत करणाऱ्या गुणाचे रसायन

धागाकर्ता

‘इंडिका अंग सैल करते आणि सॅटिव्हा तरतरी देते’ ही विभागणी गांजाविषयीच्या बोलण्यात इतकी रुळली आहे, की ती वनस्पतिशास्त्रातूनच आली असावी असे कोणालाही वाटेल. या वनस्पतीच्या बांध्याचा आणि लागवडीचा मी बरीच वर्षे अभ्यास करत आलो आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे, की इंडिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाचा ठेंगणेपणा, रुंद पाने आणि लवकर येणारा फुलोरा यांचा उलगडा एका कोरड्या डोंगराळ प्रदेशाच्या हवामानातून होतो. त्या झाडापासून मिळणारी शिथिलता मात्र पानाच्या रुंदीवरून ओळखता येत नाही. ती फुलोऱ्यावरच्या चिकट राळेतल्या द्रव्यांवर अवलंबून असते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर लागवडीतले बरेच प्रश्न सोपे होतात, म्हणून हा धागा काढत आहे.

आरंभीच एक स्पष्ट करतो. परवान्याशिवाय गांजाचे एकही झाड लावणे बहुतेक देशांत फौजदारी गुन्हा आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा बदलला, कॅनडात २०१८ पासून बहुतांश प्रांतांत घरटी चार झाडे लावता येतात, आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडांची मुभा आहे. पुढे लागवडीविषयी जे लिहिले आहे, ते अशी मुभा असलेल्या ठिकाणांपुरतेच समजावे.

नावाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि सध्याच्या गैरसमजाचे मूळ त्यातच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये ‘कॅनाबिस सॅटिव्हा’ हे नाव दिले, तेव्हा त्याच्यासमोर युरोपात धाग्यासाठी पिकवली जाणारी उंच झाडे होती. निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये ‘कॅनाबिस इंडिका’ ही निराळी जाती सांगितली, ती भारतातून आलेल्या नमुन्यांवरून. तिच्या पर्णिका (पंजासारख्या पानाचे सुटे भाग) अरुंद, खोड कठीण आणि साल पातळ, म्हणून ती धाग्याला निरुपयोगी, आणि तिच्यात नशा आणणारा गुण, असे त्याचे वर्णन होते. म्हणजे ज्या झाडाला पहिल्यांदा इंडिका म्हटले गेले, ते अरुंद पानांचे होते. पुढे १९७४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफगाणिस्तानातल्या ठेंगण्या, दाट, रुंद पर्णिकांच्या झाडांना हेच नाव लावले. बियाण्याच्या व्यवहारात तोच अर्थ रूढ झाला, आणि लामार्कच्या भारतीय झाडासारखी अरुंद पानांची नशेची वाणे ‘सॅटिव्हा’ म्हणून विकली जाऊ लागली. कार्ल हिलिग यांनी २००५ च्या सुमारास या दोन गटांना ‘रुंदपर्णी’ आणि ‘अरुंदपर्णी’ अशा अर्थाची नावे सुचवली. ती मला अधिक प्रामाणिक वाटतात, आणि या धाग्यात मी शक्यतो तीच वापरणार आहे.

आता झाडाकडे वळू. रुंदपर्णी वाणाचे मूळ हिंदुकुश पर्वताच्या आसपासचे मानले जाते. हा प्रदेश साधारण ३४ ते ३७ अंश उत्तर अक्षांशांवर येतो, तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि शरदातच थंडी उतरते. अशा ठिकाणी जे झाड उशिरा फुलेल, त्याचे बी पिकण्याआधीच ते गारठून जाईल. म्हणून या वाणाला लवकर फुलण्याची सवय लागली. प्रकाशाचे तास कमी झाल्यापासून सात ते नऊ आठवड्यांत त्याचा फुलोरा तयार होतो, तर विषुववृत्ताजवळच्या अरुंदपर्णी वाणांना त्यासाठी अकरा ते चौदा आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. दोन पेरांतले अंतर कमी, खोड जाड, फांद्या खालपासून फुटलेल्या, आकार शंकूसारखा, पाने गडद हिरवी आणि पर्णिका एकमेकींवर चढलेल्या, असा त्याचा एकूण बांधा असतो. त्या भागात चरस करण्याची रीत वाळलेला फुलोरा चाळून राळेची पूड वेगळी करण्याची आहे, त्यामुळे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशीच झाडे निवडली, ज्यांच्या राळग्रंथी विपुल आहेत आणि सहज गळतात.

फुलोऱ्याची घट्ट, जड बोंडे हे या वाणाचे वैभव आहे आणि लागवडीतले सर्वांत मोठे संकटही तेच आहे. कोरड्या हवेत घडलेल्या झाडाला बोंडात हवा खेळती ठेवण्याची गरजच पडली नव्हती. दमट जागी तेच झाड लावले, की बोंडाच्या गाभ्यात ओलावा कोंडतो आणि बोट्रायटिस नावाची करडी बुरशी आतून बाहेर पसरत जाते. अरुंदपर्णी वाणांचे फुलोरे विरळ असतात आणि ते दमट प्रदेशांतच वाढलेले असल्यामुळे या रोगाला अधिक तोंड देतात. म्हणून रुंदपर्णी वाण लावणाऱ्याने खतापेक्षा हवेचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

रोपावस्थेत सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के चालते. फुलोरा धरल्यावर ती ५० टक्क्यांच्या आसपास आणावी, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्याहूनही थोडी खाली. तापमान दिवसा २० ते २८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावे. रात्री दिवे मालवल्यावर बंद खोलीतली हवा गार होते आणि आर्द्रता अचानक चढते, त्यामुळे दुपारच्या मोजणीवर विसंबू नये, पहाटेची मोजणी पाहावी. मधल्या भागातली एकमेकांवर दाटलेली काही पाने काढली, तर हवा फिरते आणि खालच्या फुटव्यांना उजेडही मिळतो. मात्र एकाच दिवशी झाड बोडके करू नये, कारण अन्न तयार करण्याचे काम शेवटी पानेच करतात.

माती भुसभुशीत आणि चांगल्या निचऱ्याची हवी, तिचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असावा. पाणी देताना वाफसा सांभाळावा, म्हणजे वरचा थर सुकल्यावर भरपूर पाणी द्यावे आणि पुन्हा सुकू द्यावे. रोज थोडे थोडे पाणी घातल्याने मुळांना हवा मिळत नाही. वाढीच्या काळात नत्राची गरज अधिक असते. फुलोरा धरल्यावर नत्र कमी करून स्फुरद आणि पालाश यांकडे लक्ष द्यावे. या वाणाची पाने मुळातच गडद असल्यामुळे नत्राचा अतिरेक लवकर लक्षात येत नाही. पानांची टोके पक्ष्याच्या नखीसारखी खाली वळू लागली, की ती खूण समजून हात आवरावा.

गांजा हे लहान दिवसाचे झाड आहे, म्हणजे रात्र लांबली की ते फुलते. बंद जागेत वाढवणारे सहसा १८ तास प्रकाश देऊन झाड वाढवतात आणि १२ तास प्रकाश व १२ तास अंधार करून फुलोऱ्यावर आणतात. अंधार अखंड असावा लागतो. रात्री वारंवार उजेड पडला, तर फुलोरा लांबतो आणि मादी झाडावर मध्येच नर फुले येऊ शकतात. प्रकाश बदलल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाड उंच होते, पण रुंदपर्णी वाण साधारण दीडपट ते दुपटीवर थांबते, म्हणून कमी उंचीच्या जागेसाठी ते सोयीचे पडते. शेंडा एकदा खुडल्यास बगलफुटी समान उंचीवर येतात. तसे न केल्यास मधला शेंडा फार जाड होतो, आणि बुरशीचा पहिला घाव त्यावरच बसतो.

वाफसा

धागा आवडला. मी राहतो त्या देशात मोजकी झाडे लावण्यास कायद्याने मुभा आहे, आणि बुरशीविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मी फार महाग पडून शिकलो आहे. झाड अफगाण वळणाचे होते, फुलोरा सातव्या आठवड्यात होता, आणि मुख्य शेंडा मनगटाएवढा जाड झाला होता. बाहेरून काहीही वावगे दिसत नव्हते, फक्त बोंडातून डोकावणारे एक लहानसे पान आजूबाजूची पाने हिरवी असताना एकटेच पिवळे पडून सुकले होते. ते ओढले तर विनासायास हातात आले. बोंड उघडून पाहिले, तेव्हा आतला गाभा तपकिरी आणि भुसभुशीत झाला होता, वर करडी लव होती. तेव्हापासून मी फुलोऱ्याच्या अखेरीस रोज सकाळी असे एकटे सुकलेले पान शोधतो. सापडलेच, तर त्या जागेच्या खाली बरेच अंतर ठेवून फांदी कापतो, कात्री स्पिरिटने पुसतो आणि कापलेला भाग पिशवीत बंद करूनच बाहेर नेतो, म्हणजे बीजाणू इतरत्र उडत नाहीत.

माझी एक शंका आहे. भुरी आणि करडी बुरशी यांवर एकच उपाय चालतो का?

धागाकर्ता

तुमची खूण अगदी नेमकी आहे, आणि मूळ लेखात मी ती द्यायला हवी होती. दोन्ही रोगांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. भुरी पानाच्या पृष्ठभागावर पिठासारखी पसरते, आणि तिला ओल्या पानाची गरज नसते, म्हणून हवा कोरडी ठेवूनही ती येऊ शकते. वाढीच्या काळात पोटॅशियम बायकार्बोनेटची फवारणी तिच्यावर उपयोगी पडते. करड्या बुरशीला साचलेला ओलावा आणि मेलेला किंवा जखमी भाग लागतो. फुलोरा भरल्यावर कोणतेही द्रावण बोंडावर फवारू नये, कारण त्याने ओलावा वाढतो आणि फवारलेले द्रव्य ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. लाल कोळी या किडीच्या बाबतीतही हेच लागू आहे. त्याचा बंदोबस्त फुलोऱ्यापूर्वीच झाला पाहिजे.

पालवी

लागवडीचा भाग समजला, पण मला मूळ प्रश्नात अधिक रस आहे. इंडिकाने शरीर सैल पडते हा अनेकांचा अनुभव आहे. मर्सिन नावाचे सुगंधी द्रव्य अर्ध्या टक्क्याहून अधिक असले की झाड इंडिका समजावे आणि ते झोप आणते, असेही सांगितले जाते. यात तथ्य किती आहे?

धागाकर्ता

तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल. झाडात टीएचसी हे द्रव्य आम्लरूपात असते आणि उष्णता मिळाल्यावर त्याचे नशा आणणाऱ्या रूपात परिवर्तन होते. राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते वेगळे काढले, आणि ते मेंदूतल्या ज्या ग्राहीवर (पेशीवरच्या रिसेप्टरवर) बसते, तिचा जनुकीय शोध १९९० मध्ये लागला. टीएचसी आणि सीबीडी (नशा न आणणारे द्रव्य) या दोघांची आम्लरूपे एकाच पूर्वद्रव्यापासून दोन वेगवेगळी विकरे (एन्झाइम) तयार करतात, आणि कोणते विकर काम करेल हे झाडाच्या आनुवंशिकतेवर ठरते. पान रुंद की अरुंद, याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. रुंद पानांचे सीबीडीप्रधान झाड असू शकते, आणि अरुंद पानांचे अत्यंत तीव्र टीएचसीयुक्त झाडही असू शकते.

मर्सिन हे होप्समध्ये (बिअरला चव देणाऱ्या फुलांत), गवती चहात आणि आंब्यातही असते. उंदरांना शरीराच्या वजनाच्या किलोमागे २०० मिलिग्रॅम इतक्या मात्रेत ते दिल्यावर त्यांची हालचाल मंदावली आणि औषधाने आलेली झोप लांबली, असा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस फुलोरा ओढतो तेव्हा त्याच्या शरीरात जाणारे मर्सिन या मात्रेच्या जवळपासही पोचत नाही. अर्ध्या टक्क्याच्या सीमारेषेला मला कोणताही भक्कम आधार दिसलेला नाही. सुगंधी द्रव्यांना अर्थ नाही असे मी म्हणत नाही. २०२१ मध्ये ‘नेचर प्लँट्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंडिका आणि सॅटिव्हा या नावांनी विकले जाणारे नमुने एकूण जनुकसंचावरून वेगळे ओळखता आले नाहीत, परंतु ही नावे काही मोजक्या सुगंधी द्रव्यांशी जुळत होती. इंडिका म्हटल्या जाणाऱ्या नमुन्यांत मर्सिन अधिक होते. याचा अर्थ मी असा लावतो, की लोकांनी मातकट वासाच्या मालाला इंडिका म्हटले आणि फळांसारख्या, गोडसर वासाच्या मालाला सॅटिव्हा म्हटले. नाव वासावरून पडले, आणि परिणामाची अपेक्षा नावावरून तयार झाली.

शिथिलता खरी असते. ती मात्रेवर, टीएचसी आणि सीबीडी यांच्या प्रमाणावर, व्यक्तीच्या सवयीवर आणि त्या वेळच्या मनःस्थितीवर ठरते. टीएचसीची थोडी मात्रा चिंता कमी करते आणि अधिक मात्रा तीच चिंता वाढवते. ‘इंडिका आहे, शांतच करील’ या भरवशावर अधिक घेणाऱ्याला धडधड आणि भीती अनुभवावी लागते, ती याच कारणाने.

पालवी

या उत्तराबद्दल मनापासून आभार. झोपेसाठी नियमित घेणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहावेत, कारण बहुतेक लोक या वाणाकडे त्याच कारणाने वळतात.

धागाकर्ता

टीएचसीमुळे सुरुवातीला झोप लवकर लागते, पण स्वप्नांच्या झोपेचा काळ घटतो आणि काही आठवड्यांत शरीर सरावून तोच परिणाम मिळण्यासाठी अधिक मात्रा लागू लागते. अचानक थांबवले, की झोप मोडते आणि अतिशय जिवंत स्वप्ने पडतात. किशोरवयीन मुले, गर्भवती स्त्रिया, आणि स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला मनोविकृतीचा त्रास झालेला आहे अशा व्यक्ती, यांनी टीएचसीपासून पूर्णपणे दूर राहावे. घेतल्यावर काही तास वाहन चालवू नये.

सूक्ष्मदर्शी

काढणीच्या वेळेविषयी लिहावेसे वाटते. भिंगातून पाहिल्यास राळग्रंथींची डोकी आधी काचेसारखी पारदर्शक, मग दुधाळ आणि शेवटी मधाच्या रंगाची होतात. अनेक जण सांगतात, की अधिक गुंगी हवी असेल तर मधाचा रंग येईपर्यंत थांबावे, कारण तोवर टीएचसीचे सीबीएनमध्ये रूपांतर होते आणि सीबीएन झोप आणते. मी ग्रंथींचे निरीक्षण फुलोऱ्यावर करतो, भोवतालच्या लहान पानांवर करत नाही, कारण पानांवरच्या ग्रंथी आधी रंग बदलतात आणि फसवतात.

धागाकर्ता

निरीक्षणाची तुमची पद्धत योग्य आहे. सीबीएनविषयी मात्र सावध राहावे. टीएचसीचे ऑक्सिडीकरण होऊन ते तयार होते हे खरे, पण ताज्या फुलोऱ्यात त्याचे प्रमाण अगदी नगण्य असते. ते वाढते साठवणीत, हवा, उष्णता आणि उजेड लागल्यावर. सीबीएनने माणसाला झोप येते याचा पुरावाही दुबळा आहे. बहुतांश ग्रंथी दुधाळ आणि थोड्या मधाळ झाल्या, की मी काढणीचा सल्ला देतो, आणि दमट जागी तर त्याहूनही दोन-चार दिवस आधी, कारण त्या काळात मिळणाऱ्या फायद्यापेक्षा बुरशीचा धोका मोठा असतो.

वाळवणीबाबत घाई करू नये. १८ ते २० अंश तापमानात, ५५ ते ६० टक्के आर्द्रतेत, अंधारात आणि मंद वाऱ्यात सात ते चौदा दिवस लागतात. रुंदपर्णी वाणाची बोंडे बाहेरून कुरकुरीत झाली तरी गाभ्यात पाणी धरून असतात. बारीक देठ वाकवल्यावर मोडले, तरच काचेच्या बरणीत भरावीत आणि पहिले काही दिवस बरणी रोज थोडा वेळ उघडावी. बरणीतून ओल्या गवताचा किंवा अमोनियासारखा वास आला, तर बोंडे पुन्हा बाहेर पसरून ठेवावीत.

रानवाटा

बियाण्याच्या पाकिटावर ‘८० टक्के इंडिका’ असे छापलेले असते. हा आकडा कसा ठरवतात? एकाच पाकिटातली माझी तीन झाडे तीन वेगळ्या बांध्यांची निघाली.

धागाकर्ता

हा आकडा सहसा पैदासकाराने सांगितलेल्या वंशावळीचा असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे आकडे आणि प्रत्यक्ष जनुकीय साम्य यांचा मेळ जेमतेमच बसला, आणि एकाच नावाचे नमुने एकमेकांपेक्षा दुसऱ्याच नावाच्या नमुन्यांशी अधिक जवळचे निघण्याची उदाहरणेही आढळली. १९७० च्या दशकात अफगाण बियाणे कॅलिफोर्नियात आणि पुढे नेदरलँड्समध्ये पोचले आणि तिथे अरुंदपर्णी वाणांशी त्याचा संकर झाला. ‘स्कंक’ हे त्यांतले प्रसिद्ध नाव. आज विकले जाणारे जवळजवळ प्रत्येक वाण अशा संकराच्या संकरातून आले आहे, त्यामुळे भावंडांत फरक दिसणारच. एकसारखी झाडे हवी असतील, तर मनाजोगत्या मादी झाडाची छाट कलमे करावीत. मात्र कलमांबरोबर रोगही पुढे जातो. होप्सवर आढळणारा एक व्हायरॉइड (विषाणूहूनही सूक्ष्म रोगकारक) अशाच मार्गाने गांजाच्या लागवडीत पसरला आहे, आणि त्याची लागण झालेली झाडे खुरटतात व त्यांच्यात राळ कमी धरते. म्हणून मातृवृक्षाची तपासणी करून घ्यावी.

वाफसा

मग शुद्ध अफगाण देशी वाण आज कुठे उरले आहे का, आणि ते जपायचे असेल तर काय करावे लागेल?

धागाकर्ता

या विषयातली मला सर्वांत अधिक काळजी वाटणारी बाब हीच आहे. जॉन मॅकपार्टलँड आणि अर्नेस्ट स्मॉल यांनी २०२० मध्ये दक्षिण व मध्य आशियातल्या या झाडांचे नवे वर्गीकरण मांडले आणि अफगाण गटाला ‘अफगानिका’ हे उपनाव दिले. त्याच लेखनात त्यांनी सांगितले आहे, की बाहेरून आलेल्या संकरित बियाण्यामुळे मूळ वाणे संपुष्टात येण्याच्या मार्गावर आहेत. गांजाचे परागण वाऱ्याने होते आणि पराग कित्येक किलोमीटर जातो, म्हणून डोंगरउतारावर एकाने संकरित झाडे लावली, तरी खोऱ्यातल्या जुन्या शेतांत त्यांचा अंश शिरतो. दोन-तीन झाडांतून बी धरून वाण जपता येत नाही, कारण इतक्या कमी झाडांत त्याची विविधता मावतच नाही. त्यासाठी अनेक नर आणि अनेक मादी झाडे इतर लागवडीपासून दूर ठेवून त्यांचा आपसात मोकळा संकर होऊ द्यावा लागतो, प्रत्येक मादीचे थोडे थोडे बी घ्यावे लागते, आणि ते कोरडे करून, हवाबंद डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे लागते. घरटी तीन-चार झाडांच्या मुभेत हे शक्य नाही. ते काम परवानाधारक संशोधन संस्थांनी आणि बियाणे पेढ्यांनी, त्या खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊनच करायला हवे, कारण कोणते झाड ठेवायचे आणि कोणते उपटायचे हे आजवर त्यांनीच ठरवत आणले आहे.